अवकाश स्थानकाची रसद: इंजिनं किती, उड्डाणं किती?

गेल्या अंकात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर माल पोचवणाऱ्या यानांवर लेख होता. त्यावर आलेली बरीचशी पत्रं रॉकेटच्या इंजिनांभोवतीच फिरतात: ती येतात कुठून, पुरतात का, आणि त्यांच्यामुळे खेपा अडतात का. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न (नाशिक, मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी): रशियाने इंजिनं देणं थांबवलं आणि 'अँटारेस' रॉकेट बंद पडलं, असं लेखात वाचलं. अमेरिकेत इंजिनं बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत. त्यांतलं एखादं इंजिन खाली बसवून काम का भागलं नाही?

रॉकेट इंजिनाभोवती बांधलं जातं, म्हणून. इंजिन बदललं की पहिल्यांदा रेटा बदलतो, आणि तो रेटा टाकीच्या भिंतींनी पेलायचा असतो. मग इंधन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण बदलतं, म्हणजे दोन्ही टाक्यांची मापं चुकतात. टर्बोपंपाला (इंधन आणि ऑक्सिजन जोराने इंजिनात ढकलणाऱ्या पंपाला) तोंडाशी किती दाब हवा हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. त्यानुसार नळ्यांचा व्यास आणि वळणं ठरतात. इंजिन कलवून दिशा देणारे दट्टे, त्यांची जोडणी, दिशानियंत्रणाचं सॉफ्टवेअर, बुडाशी तापणाऱ्या भागांचं आवरण, प्रक्षेपण मंचावरच्या नळजोडण्या, सगळंच पुन्हा करावं लागतं.

अँटारेसच्याच बाबतीत हे एकदा झालेलं आहे, आणि तेही शक्य तितक्या सोयीच्या परिस्थितीत. २८ ऑक्टोबर २०१४च्या अपघातानंतर अँटारेस बनवणाऱ्या ऑर्बिटल कंपनीने जुनी एजे-२६ इंजिनं काढून आरडी-१८१ घ्यायचं ठरवलं. इंधन तेच, शुद्ध केरोसिन आणि द्रव ऑक्सिजन. ज्वलनाची पद्धत तीच. संख्याही तीच, दोनाच्या जागी दोन. मॉस्कोजवळच्या खिम्की इथल्या एनर्गोमाशकडून पहिली दोन इंजिनं जुलै २०१५मध्ये आली. मंचावर बांधून ठेवलेल्या टप्प्याची ३० सेकंदांची चाचणी ३१ मे २०१६ला झाली आणि उड्डाण १७ ऑक्टोबर २०१६ला. म्हणजे सगळं जुळून आलेलं असतानाही दोन वर्षं गेली.

इतकं करूनही एक मेख राहिलीच. जुन्या जोडीचा रेटा सुमारे ३३० टन होता, नव्या जोडीचा ३९० टनांच्या घरात. हा जास्तीचा रेटा पहिल्या टप्प्याच्या सांगाड्याला झेपणारा नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या उड्डाणांत इंजिनं दाबून, कमी ताकदीवर चालवावी लागली. दोन टाक्यांमधला आणि पुढचा भाग मजबूत केलेली '२३०+' ही आवृत्ती नोव्हेंबर २०१९मध्ये आली, तेव्हा कुठे इंजिनांची पूर्ण ताकद वापरता आली.

२०२२मध्ये परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. मार्चच्या सुरुवातीला रशियाने अमेरिकेला इंजिनं द्यायचं थांबवलं. अमेरिकेत वापरात असलेलं आरडी-१८० हेही रशियनच. ब्लू ओरिजिनचं बीई-४ मिथेनवर चालतं, त्यासाठी टाक्याच वेगळ्या लागतात. स्पेसएक्सचं मर्लिन केरोसिनवर चालतं, पण ती कंपनी आपली इंजिनं स्वतःच्याच रॉकेटला लावते. शिवाय अँटारेसच्या पहिल्या टप्प्याच्या टाक्या बनायच्या युक्रेनमधल्या निप्रो शहरात. इंजिन एका देशाचं, टाकी दुसऱ्या देशाची, आणि ते दोन देश एकमेकांशी लढताहेत! हातात उरलेल्या सामानात दोन रॉकेटं झाली. त्यांतलं शेवटचं १ ऑगस्ट २०२३ला उडालं.

८ ऑगस्ट २०२२ला नॉर्थ्रप ग्रमन कंपनीने (ऑर्बिटल तोवर तिच्यात विलीन झाली होती) फायरफ्लाय कंपनीबरोबर अँटारेस-३३० जाहीर केलं. यात पहिला टप्पा पूर्ण नवा, त्याला सात 'मिरांडा' इंजिनं. सुरुवातीला २०२४चं अखेर सांगितलं गेलं होतं, पण २०२५ संपेपर्यंत ते उडालेलं नव्हतं. नवं इंजिन आणि नवा टप्पा दोन वर्षांत होतील, हा अंदाज आम्हाला तेव्हाही धाडसीच वाटला होता.

प्रश्न (पुणे, निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर): चाळीस वर्षं गोदामात पडलेली इंजिनं काढून वापरली, हे वाचून धक्का बसला. आमच्याकडे साधा पंप दोन पावसाळे पडून राहिला तरी आम्ही खोलल्याशिवाय लावत नसू. हा वेडेपणा नव्हता का?

पूर्ण वेडेपणा नव्हता, पण तुमची शंका रास्त आहे.

एनके-३३ हे इंजिन सोव्हिएत चंद्ररॉकेट एन-१च्या सुधारित आवृत्तीसाठी समारा इथे कुझ्नेत्सोव्ह यांच्या कार्यालयाने तयार केलं. आधीच्या एनके-१५ इंजिनात काही झडपा स्फोटक काडतुसांनी उघडणाऱ्या, म्हणजे एकदाच चालणाऱ्या होत्या. ते इंजिन एकदा पेटवून तपासलं की बाद. म्हणून लॉटमधली काही नमुन्यादाखल पेटवायची आणि बाकीची भरवशावर रॉकेटला लावायची. अशी ३० इंजिनं एन-१च्या पहिल्या टप्प्याला होती. १९६९ ते १९७२ या काळातली त्याची चारही उड्डाणं फसली. एनके-३३मध्ये झडपा बदलल्या, त्यामुळे तेच इंजिन आधी पेटवून तपासायचं आणि मग उडवायचं हे शक्य झालं. चंद्रमोहीम रद्द झाल्यावर इंजिनं मोडीत काढायचा हुकूम होता, पण ती गोदामात जपून ठेवली गेली. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांतली तीन डझनांच्या आसपास इंजिनं दर नगाला साधारण ११ लाख डॉलर देऊन घेतली. वजन सव्वा टन, रेटा दीडशे टनांहून जास्त. इतकं हलकं आणि इतकं जोरदार केरोसिन इंजिन त्या काळी अमेरिकेत कुणाकडे नव्हतं.

एरोजेटने जुन्या वायरी काढल्या, अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स बसवलं, इंजिन कलवायची सोय केली आणि त्याला एजे-२६ नाव दिलं. मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात प्रत्येक इंजिन पेटवून तपासलं जाई. तिथेच दोष दिसायला लागले. जून २०११मध्ये एका इंजिनाच्या धातूला पडलेल्या भेगेतून केरोसिन गळून आग लागली. धातूत आतून राहिलेला ताण आणि गंज या दोघांनी मिळून वर्षानुवर्षं पाडलेली ही भेग होती. आणि २२ मे २०१४ला दुसरं एक इंजिन चाचणी अर्ध्यावर असतानाच फुटलं. तरी त्याच वर्षी पुढची उड्डाणं झाली.

२८ ऑक्टोबरला व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स तळावरून निघालेलं रॉकेट १५ सेकंदांत पेटून खाली कोसळलं. आत २,२०० किलोंच्या आसपास माल होता. बिघाड होता एका इंजिनाच्या द्रव ऑक्सिजनच्या टर्बोपंपात. पंपाचा शाफ्ट प्रचंड वेगाने फिरताना एका बाजूला ढकलला जातो. हा ढकल द्रवाच्याच दाबाने तोलून धरणारी जुळणी तिथे असते, आणि तिच्या शेजारी बेअरिंग. फिरणारा आणि स्थिर भाग यांच्यातली फट फारच थोडी. तिथे घासलं गेलं, ठिणगी पडली आणि पंप पेटला. आता तुमच्या पंपात घासलं तर आवाज येईल, फार तर बेअरिंग जाईल. इथे भोवती उच्च दाबाचा ऑक्सिजन असतो, आणि त्यात धातू हाच सरपण होतो. या जातीच्या इंजिनात टर्बाइन फिरवणारा वायूही ऑक्सिजनने भरलेला आणि तापलेला असतो. ताकद त्यातूनच येते आणि धोकाही.

फट का बुजली यावर एकमत झालं नाही. ऑर्बिटलच्या चौकशीने टर्बाइनच्या बाजूच्या बेअरिंगचं भोक यंत्रावर चुकीचं कापलं गेल्याचा दोष दाखवला. एरोजेटचं म्हणणं, बाहेरचा कचरा आत गेला. नासाच्या स्वतंत्र पथकाने रचनेतला कच्चेपणा, कचरा आणि घडणीतला दोष अशा तिन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. शेवटी एरोजेटने ५ कोटी डॉलर दिले आणि दहा इंजिनं परत घेतली.

तेव्हा तुमच्या 'खोलल्याशिवाय लावू नये' या नियमाबद्दल: इथली अडचण अशी की खोलून पुन्हा जोडणं हेच स्वतंत्र जोखमीचं काम होतं. ज्यांनी ती जोडली होती ती पिढी निवृत्त झालेली आणि चालू उत्पादन शून्य. एखाद्या इंजिनात दोष सापडला तर तोच भाग आज नवीन करून, त्याच बॅचच्या दुसऱ्या इंजिनांशी ताडून बघण्याची सोय नव्हती. जुनेपणापेक्षा आम्हाला हीच बाब जास्त गंभीर वाटते.

प्रश्न (कोल्हापूर, शिक्षिका): इतक्या खेपांसाठी इतकी इंजिनं हा हिशेब नेमका कसा करतात? मुलांना गणित म्हणून घालायचं आहे.

जरूर घाला. डिसेंबर २००८मध्ये नासाने दोन कंपन्यांना मालवाहतुकीची कंत्राटं दिली. ऑर्बिटलला ८ खेपा, १९० कोटी डॉलर. स्पेसएक्सला १२ खेपा, १६० कोटी डॉलर. दोघांनीही किमान २० टन माल पोचवायचा होता.

ऑर्बिटलचं घ्या. ८ खेपा, त्याआधी एक चाचणी उड्डाण आणि एक प्रात्यक्षिक खेप. एकूण १० रॉकेटं, प्रत्येकी २ इंजिनं, म्हणजे २०. मुलं इथेच थांबतील. पुढच्या पायऱ्या अशा: पात्रता-चाचण्यांत पेटवून पेटवून संपवायची इंजिनं वेगळी धरा. स्वीकृती-चाचणीत नापास होतील त्यांच्यासाठी काही जादा धरा. ऐनवेळी एखादं बदलावं लागलं तर हाताशी राखीव असलं पाहिजे. जोडी असेल तर दोन्ही इंजिनांचा रेटा आणि मिश्रणाचं प्रमाण एकमेकांशी जुळणारं हवं, त्यामुळे शिल्लक इंजिनांतली कुठलीही दोन उचलून चालत नाही. अशा रीतीने २०ची गरज सहज २५च्या पुढे जाते. एरोजेटकडच्या तीन डझनांत पहिलं कंत्राट भागलं असतं, दुसरं भागलं नसतं. ऑर्बिटललाही हे कळत होतं. म्हणून तर अपघाताच्या सव्वा वर्ष आधी, जून २०१३मध्ये, आरडी-१८० विकत मिळू देत नाहीत म्हणून त्यांनी युनायटेड लाँच अलायन्सवर (आरडी-१८० लावलेलं ॲटलस-५ रॉकेट उडवणाऱ्या अमेरिकी कंपनीवर) दावा लावला होता.

आता वेळेचं गणित. या ताकदीचं इंजिन साधारण दोन-तीन वर्षं आधी मागवावं लागतं. आलं की आतून दुर्बिणीने पाहणी, गळती-तपासणी, मग चाचणी-मंचावर चढवणं, पेटवणं, उतरवणं, इंधनाचा अंश न् अंश धुऊन सुकवणं, पुन्हा पाहणी, आणि मग प्रक्षेपण तळाकडे रवानगी. चाचणी-मंच एकच असेल तर रांग लागते. वर्षाला २ खेपा म्हणजे ४ इंजिनं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक इंजिन मंचावर फुटलं की चौकशी संपेपर्यंत मागची सगळी अडकतात, कारण दोष त्या एकाचा आहे की सगळ्या जातीचा हे ठरायचं असतं.

साठ्यातली इंजिनं ही कणगीतल्या धान्यासारखी: मोजून वर्ष काढता येतं, पण शेतात पेरणीच बंद असेल तर प्रत्येक घास शेवट जवळ आणतो. युनायटेड लाँच अलायन्सने आरडी-१८० बाबत हे ओळखून वागणूक ठेवली. २०१४पासून राजकीय वारं फिरलं तसं त्यांनी उरलेली इंजिनं आधीच आणून ठेवली, शेवटची सहा २०२१मध्ये आली. त्यामुळे २०२२च्या बंदीचा ॲटलस-५वर लगेच परिणाम झाला नाही. पण त्यांनी उरलेल्या प्रत्येक रॉकेटचं गिऱ्हाईक आधीच ठरवून टाकलं होतं, नवं कंत्राट घेता येत नव्हतं.

प्रश्न (ठाणे): स्पेसएक्स बूस्टर परत उतरवते. मग त्यांना इंजिनांची चणचण कधीच भासणार नाही, बरोबर?

खालच्या नऊ इंजिनांपुरतं बरोबर. फाल्कन-९च्या पहिल्या टप्प्याला नऊ मर्लिन असतात. तो टप्पा परत येतो, तपासला जातो, पुन्हा उडतो. काही बूस्टर तीसहून जास्त वेळा उडाले आहेत. नासाच्या मालवाहू खेपेसाठी वापरलेला बूस्टर पहिल्यांदा डिसेंबर २०१७मध्ये लावला गेला.

दुसरा टप्पा मात्र परत येत नाही. त्याला असतं एक निर्वात मर्लिन, मोठ्या पातळ नोझलचं, आणि दर उड्डाणाला ते नवं लागतं. २०२४मध्ये फाल्कनची १३४ उड्डाणं झाली, २०२५मध्ये १६५. म्हणजे निर्वात मर्लिनही तितकीच. साधारण दर दोन-तीन दिवसांना एक. इथे उत्पादन वाढवताना अडतं ते नायोबियम मिश्रधातूच्या नोझलपाशी. म्हणून २०२३पासून हलक्या कामांसाठी आखूड नोझलची आवृत्तीही वापरात आली: कामगिरी थोडी कमी, पण महागडा धातू वाचतो आणि नोझल लवकर तयार होतं.

वेगाने उत्पादन करण्याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. ११ जुलै २०२४ला स्टारलिंक उपग्रह नेणाऱ्या फाल्कनच्या दुसऱ्या टप्प्यात द्रव ऑक्सिजन गळायला लागला. कारण इवलंसं: दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी बारीक नळी. तिचा क्लॅम्प सैल, इंजिनाची थरथर, त्यातून धातू शिणला आणि तडा गेला. गळणाऱ्या ऑक्सिजनने इंजिनाचे भाग वाजवीपेक्षा थंड झाले, पेटवण्याच्या द्रवाचा पुरवठा बिघडला आणि दुसऱ्यांदा पेटवताना इंजिनाने दणका खाऊन नुकसान करून घेतलं. हा सेन्सर उड्डाण-सुरक्षेसाठी लागतच नव्हता, म्हणून नळीसकट काढून टाकला. पंधराव्या-सोळाव्या दिवशी रॉकेट पुन्हा उडालं. अशीच कितीतरी इंजिनं नुकतीच उडालेली, त्यांची मोजमापं हाताशी आणि कारखान्यात पुढची रांगेत उभी, म्हणून हे जमलं. एजे-२६ला यातलं काहीही उपलब्ध नव्हतं.

तोटाही सांगायला हवा. त्या पंधरवड्यात सिग्नस यानसुद्धा (नॉर्थ्रप ग्रमनचं मालवाहू यान, आधी अँटारेसवर जायचं ते) फाल्कनचीच वाट बघत होतं. ४ ऑगस्टला ते निघालं. नासाने दोन पुरवठादार ठेवले ते एक अडला तर दुसरा चालावा म्हणून. पुरवठादार दोन राहिले, पण रॉकेट एकच झालं.

प्रश्न (नागपूर): रशियाच्या 'प्रोग्रेस' यानांचं काय? त्यांची इंजिनं तर त्यांचीच.

त्यांचीच, आणि त्यांचं उत्पादन १९५०च्या दशकापासून अखंड चालू. प्रोग्रेस नेणाऱ्या सोयुझ रॉकेटला खाली पाच इंजिनं असतात, चार बाजूच्या खंडांना आणि एक मधल्याला. प्रत्येकाला चार मुख्य ज्वलनकक्ष, म्हणून खालून पाहिलं की वीस मोठी तोंडं दिसतात. ही इंजिनं समारात बनतात, वरच्या टप्प्याची व्होरोनेझमध्ये. वर्षाला तीन-चार खेपा ठरलेल्या.

घोडं अडलं ते व्होरोनेझच्या आरडी-०११० इंजिनापाशी, दोनदा. ऑगस्ट २०११मध्ये इंधनमार्ग तुंबला आणि प्रोग्रेस एम-१२एम पडलं. १ डिसेंबर २०१६ला ऑक्सिजनचा पंप फुटला आणि प्रोग्रेस एमएस-०४ नष्ट झालं. दुसऱ्या वेळी संशय बाहेरचे कण किंवा जुळणीतली चूक यांच्यावर आला. पुढची खेप २२ फेब्रुवारी २०१७पर्यंत थांबली.

आणि इंजिनं असूनही अडू शकतं. २७ नोव्हेंबर २०२५ला बैकोनूरच्या ३१ क्रमांकाच्या मंचावरून माणसांचं सोयुझ सुखरूप गेलं, पण मंचाखालचा दुरुस्तीचा फलाट ज्वाळांच्या खड्ड्यात कोसळला. स्थानकाकडे जाणाऱ्या सोयुझ आणि प्रोग्रेससाठी तोच एक मंच वापरात होता.

प्रश्न (सातारा, गृहिणी): दोन-तीन खेपा लागोपाठ बुडाल्या तर वरची माणसं उपाशी राहतील का?

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे, उपासमार सोडून. २८ ऑक्टोबर २०१४ला अँटारेस, २८ एप्रिल २०१५ला प्रोग्रेस एम-२७एम आणि २८ जून २०१५ला स्पेसएक्सची सातवी खेप. तिन्ही २८ तारखांना! कारणं मात्र वेगवेगळी. पहिल्यात इंजिन, दुसऱ्यात यान आणि वरचा टप्पा वेगळे होताना बिघाड, तिसऱ्यात हीलियमची टाकी धरून ठेवणारी आधारपट्टी तुटली.

स्थानकावर साधारण सहा महिन्यांचं अन्न राखीव ठेवण्याचं धोरण असतं. जूनच्या अपघातानंतरही ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत पुरेल इतकं होतं. ३ जुलैला पुढचं प्रोग्रेस गेलं, १९ ऑगस्टला जपानचं एचटीव्ही-५. कमतरता जाणवली ती सुट्या भागांची. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे फिल्टर बुडालेल्या खेपांत होते, ते एचटीव्हीत घाईने भरावे लागले. अन्न मोजून पुरवता येतं. नेमका हवा तो फिल्टर नसेल तर वीस इतर वस्तू असून उपयोग नाही.

प्रश्न (मडगाव): दर दोन-तीन दिवसांनी फाल्कन उडतं, मग मालाची खेप दर महिन्याला का नाही?

उतरायला जागा नाही, हे पहिलं कारण. स्थानकाला आठ पोर्ट आहेत, चार रशियन बाजूला आणि चार अमेरिकी. अमेरिकी चारांतली दोन स्पेसएक्सच्या ड्रॅगनसारख्या स्वतः जोडल्या जाणाऱ्या यानांची, दोन यांत्रिक हाताने पकडून बसवायच्या सिग्नस आणि जपानच्या एचटीव्ही-एक्स यांची. अंतराळवीरांची तुकडी बदलताना जुनं आणि नवं अशी दोन ड्रॅगन एकाच वेळी लागतात, त्या काळात मालाचं ड्रॅगन येऊच शकत नाही. १ डिसेंबर २०२५ला आठही पोर्ट पहिल्यांदाच एकदम भरली. त्यासाठी सिग्नस काही दिवस सोडवून बाजूला धरावं लागलं होतं.

शिवाय माल उतरवणं, यादीशी ताडणं आणि परत कचरा भरणं हे सगळं प्रयोगांच्या वेळातून कापून करावं लागतं. मागणीही तितकी नाही.

प्रश्न (मेरीलँड, अमेरिका): वॉलॉप्सहून उडणारं सिग्नस आम्हाला घराजवळून दिसायचं. फाल्कनवर गेल्यावर यानात काही बदल करावे लागले का?

यानात थोडे, रॉकेटच्या टोपीत, म्हणजे यान झाकणाऱ्या टोकाच्या कवचात, जास्त. जिवंत नमुने आणि नाजूक प्रयोग शेवटच्या दिवशी भरावे लागतात. अँटारेसच्या टोपीचं टोक उघडून उड्डाणाच्या २४ तास आधी माल आत ठेवता येई. फाल्कनच्या टोपीला तशी सोय नव्हती, कारण ड्रॅगनला टोपीच नसते. म्हणून टोपीच्या बाजूला साधारण दीड मीटर बाय सव्वा मीटरचं दार कापलं आणि त्यातून हवा नियंत्रित ठेवून माल भरायची व्यवस्था केली. ३० जानेवारी २०२४ला फ्लोरिडातून ही पहिली खेप गेली.

ताकद जास्त मिळाल्यामुळे यान लांबवता आलं. सप्टेंबर २०२५मधलं 'सिग्नस एक्सएल' सुमारे ५ टन माल घेऊन गेलं, एजे-२६च्या काळातल्या दुपटीहून जास्त. त्याच्या आधीची खेप मात्र कधी उडालीच नाही: मालाचा कक्ष वाहतुकीच्या कंटेनरमध्येच इजा होऊन आला. रॉकेट तयार, इंजिनं तयार, आणि अडलं ते वाहतुकीत. हा कक्ष इटलीत तुरिनला बनतो, आणि राखीव कक्ष चटकन मिळत नाही.

प्रश्न (विक्रोळी, मुंबई): आमच्याकडे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची इंजिनं बनतात. उद्या भारतीय स्थानकाला माल पोचवायचा झाला तर इंजिनं पुरतील?

विक्रोळीत विकास (इस्रोच्या रॉकेटांचं द्रव इंधनाचं इंजिन) आणि क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचं), दोन्ही बनतात. आधी विकासची मागणी पाहा: पीएसएलव्हीला १, एलव्हीएम-३ला २, जीएसएलव्हीला तब्बल ५. म्हणजे जीएसएलव्हीचं एक उड्डाण वाढवलं की अडीच एलव्हीएम-३ची विकास इंजिनं खर्ची पडतात. वेळापत्रक आखताना हे आकडे एकत्रच धरावे लागतात.

एलव्हीएम-३साठी खरी कसोटी वरच्या टप्प्याच्या सीई-२० इंजिनाची. त्याचं नोझल निर्वातासाठी बनवलेलं, मुखाचं क्षेत्रफळ गळ्याच्या १०० पट. मुखाशी वायूचा दाब ५० मिलिबारच्या आसपास, तर बाहेर वातावरण १,००० मिलिबार. जमिनीवर तसंच पेटवलं तर प्रवाह नोझलच्या भिंतीपासून सुटतो, नोझल हादरतं आणि फाटू शकतं. म्हणून तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या इस्रो केंद्रात उंचीवरचा विरळपणा निर्माण करणाऱ्या सुविधेत चाचणी घ्यायची. ती उभारणी वेळखाऊ. २९ नोव्हेंबर २०२४ला इस्रोने नोझल-संरक्षण प्रणाली लावून हेच इंजिन साध्या जमिनीवरच्या मंचावर पेटवून दाखवलं. बातम्यांत हे कोपऱ्यात आलं, पण वर्षाला किती इंजिनं पास करून बाहेर काढता येतील यावर याचा थेट परिणाम होतो.

साठ्यावर जगण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. १९९१च्या करारानुसार रशियाकडून क्रायोजेनिक तंत्रज्ञान मिळायचं होतं. अमेरिकेच्या दबावाने ते फिसकटलं आणि हाती आले सात तयार टप्पे. २००१ ते २०१० या काळात त्यांतले सहा उडाले. आपल्या स्वतःच्या क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं यश ५ जानेवारी २०१४चं.

भारतीय स्थानकाचा पहिला भाग २०२८मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५पर्यंत, असं नियोजन आहे. नियमित रसदीसाठी एलव्हीएम-३चा मधला टप्पा बदलून २०० टन रेट्याचं केरोसिन इंजिन लावायचा बेत आहे. त्याच्या शक्तिकेंद्राची, म्हणजे ज्वलनकक्ष सोडून पंप आणि पूर्वज्वालकाची (टर्बाइनसाठी तप्त वायू तयार करणाऱ्या भागाची), पहिली यशस्वी ज्वलन-चाचणी २८ मार्च २०२५ला महेंद्रगिरीला झाली. हे इंजिन एजे-२६ आणि आरडी-१८१च्याच जातीचं, ऑक्सिजनने भरलेल्या तप्त वायूवर टर्बाइन फिरवणारं. तेव्हा पुण्याच्या वाचकांना वर सांगितलेली पंपातली ती बारीक फट आता महेंद्रगिरीच्या अभियंत्यांनाही सांभाळायची आहे.